दोन दारं सोडून

लॉरेनला येऊन चार दिवस झाले होते, आणि जिन्यावर तिची पावलं वाजली की बेरिल होल्गेटच्या कपाळाला आपोआप आठी पडायला लागली होती.

तशी ती काही परकी नव्हती. चांगली सख्खी चुलत बहीण. बेरिलचे वडील हॅरल्ड सेगर आणि लॉरेनचे वडील नॉर्मन सेगर, दोघंही ॲलिस आजीचे मुलगे, उत्तर इंग्लंडातल्या पॅडिहमच्या अल्मा स्ट्रीटवरच्या दगडी घरांच्या ओळीत वाढलेले. हॅरल्डनं जन्मभर गाव सोडलं नाही. नॉर्मन ऐन पंचविशीत कॅनडाला गेला, पोलादाच्या कारखान्यात लागला, तिकडेच लग्न केलं, आणि आईच्या मयतीला एकदा आला तो शेवटचा. लॉरेन ही त्याची एकुलती एक मुलगी. बाप गेला, मग नवरा गेला, नोकरी संपली, आणि रिकाम्या घरात तिला घराण्याच्या इतिहासानं झपाटलं.

घराणं हा शब्द लॉरेनचाच. पहिल्या दिवशी बेरिलला तो ऐकून हसू आलं होतं. सेगर लोक पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत माग चालवत आले. त्याआधी घरात माग चालवत होते, आणि त्याच्याही आधी दुसऱ्याच्या मेंढ्या राखत असतील. पण लॉरेननं इंटरनेटवरून कुठला तरी धागा ओढत ओढत थेट गावाबाहेरच्या जहागीरदारांच्या हवेलीपर्यंत नेऊन बांधला होता. चारशे वर्षांपूर्वी तिथं कुणी एक सेगर होता म्हणे.

"असेल की," बेरिल म्हणाली. "शेण काढायला कुणीतरी लागतंच."

लॉरेन हसली नाही. तिनं ते फोनमध्ये टिपून घेतलं.

मग सुरू झाली ती स्मशानयात्रा. बेरिलनं गाडी काढायची, लॉरेननं चर्चचं नाव सांगायचं, आणि पावसात छत्री धरून दोघींनी शेवाळलेले दगड वाचत हिंडायचं. सेगरांकडे नावांची मोठी टंचाई असावी, कारण जो तो जॉन नाहीतर थॉमस. जॉनचा मुलगा थॉमस, थॉमसचा जॉन, आणि मधला एखादा लहानपणीच गेला तर पुढच्याला पुन्हा तेच नाव. बेरिलनं सत्तरी ओलांडली होती, तिचे गुडघे चिखलात कुरकुरत होते, आणि लॉरेन एकेका दगडासमोर उकिडवी बसून "हा आपला जॉन असेल का गं?" असं विचारत होती, जणू तो आत्ता उठून हो म्हणणार होता.

शिवाय तिला सगळंच सुंदर वाटायचं. बंद गिरणीचं धुराडं सुंदर. गल्लीतला उतार सुंदर. आजीच्या या घराच्या परसातला जुना संडास, ज्यात बेरिल आता कोळशाच्या पाट्या आणि मोडकी सायकल ठेवायची, तोही सुंदर. "यात माझे बाबा बसले असतील," असं म्हणून तिनं त्याचा फोटो काढला. बेरिलचा नवरा जेफ दुसऱ्या दिवसापासूनच सकाळी टोपी घालून गवतावर गोळे घरंगळवायच्या बोलिंगच्या मैदानावर जो जायचा तो जेवायलाच यायचा. तिथं हिरवळ पाण्यानं डबडबली होती आणि खेळ बंद होता, हे बेरिलला ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बेरिलनं बटाटा आणि मटणाची पाई केली होती, सोबत लाल कोबीचं लोणचं. लॉरेननं दोन घास खाल्ले, काटा खाली ठेवला आणि बेरिलच्या हातावर हात ठेवला.

"बेरिल, मी तुला एक सांगणार आहे. मन घट्ट कर."

बेरिलला वाटलं, हिला काहीतरी रोग झालाय. पण निघालं भलतंच. नाताळच्या सुमारास लॉरेननं टपालानं एक नळी पाठवली होती. त्यात थुंकायचं आणि कंपनीकडे धाडायचं, की मग रक्ताचं नातं कुणाशी ते कळतं. बेरिलला तो प्रकार मुळीच पसंत नव्हता, पण लॉरेननं महिनाभर मेल करून तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे ती एकदाची थुंकली आणि विसरून गेली. आता लॉरेन सांगत होती की निकाल येऊन बरेच दिवस झाले, पण असली गोष्ट समोरासमोरच बोलावी म्हणून ती गप्प राहिली. बेरिलचं आणि तिचं रक्ताचं काहीही नातं निघत नव्हतं.

"नळ्या बदलल्या असतील," बेरिल म्हणाली.

लॉरेननं कंपनीला दोनदा विचारलं होतं. नळ्या बदलल्या नव्हत्या.

"मग?"

लॉरेननं जेफकडे पाहिलं. जेफनं ताटलीकडे पाहिलं.

"हे बघ, असं सगळ्याच घरांत कधी ना कधी होतं," लॉरेन हळू आवाजात म्हणाली. "तू लढाईच्या दिवसांत जन्मलीस. हॅरल्ड काका आफ्रिकेत होते. मॅरियन काकू तरुण होत्या, एकट्या होत्या. मी त्यांना जराही दोष देत नाही."

बेरिलला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या मानेपासून कानशिलापर्यंत सगळं तापत गेलं. तिची आई मॅरियन. दिवसभर माग, घरी सासू, रविवारी चॅपलच्या मुलांचा चहा. तिच्यावर ही, कालपर्यंत तिचं नावही धड न घेता येणारी बाई, पाई खाता खाता उदार मनानं क्षमा करत होती.

"जरा मीठ दे," जेफ म्हणाला.

बेरिलनं मीठ त्याच्यासमोर असं आपटलं की भांड्याचं झाकण उडालं. पाहुण्याला घराबाहेर काढायचं नाही, हे ॲलिस आजीचं वळण होतं, म्हणून लॉरेन वाचली. बेरिलनं फक्त आपली हनुवटी पुढे केली आणि विचारलं की ही चौकोनी, नालासारखी हनुवटी कुणाची? भिंतीवरच्या फोटोत आजोबांची आहे ती कुणाची? त्यावर लॉरेन म्हणाली की चेहरे फसवतात, विज्ञान फसवत नाही. तिच्याकडे बाबांचा जन्माचा दाखला होता, आजी-आजोबांची नावं स्वच्छ लिहिलेला. तेव्हा खोट असलीच तर तिच्या बाजूला नव्हती.

"ठीक आहे," बेरिल म्हणाली. "उद्या एडी आत्याकडे जाऊ. ती थुंकेल. मग बघू कोण सेगर आहे ते."

लॉरेन लगेच कबूल झाली. तिच्या बॅगेत एक जादा नळी होतीच. ही बया आधीपासूनच तयारीनं आली होती, या विचारानं बेरिल भांडी घासताना पुन्हा नव्यानं भडकली.

एडी आत्या म्हणजे हॅरल्ड-नॉर्मनची बहीण, नव्वदीच्या पुढची, लग्न न केलेली, चढावरच्या वृद्धाश्रमात खिडकीशी खुर्ची अडवून बसलेली. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे तिचे कान पार गेले होते. कानातलं यंत्र होतं, पण ते ती सोयीप्रमाणे चालू-बंद करायची. कुणी बिस्किटांचा डबा उघडला तर पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचं. औषधाचं नाव काढलं की ठार बहिरी.

त्या दिवशी ती बहिरीच होती. बेरिलनं ओरडून ओरडून सांगितलं की ही लॉरेन, नॉर्मनची मुलगी, आणि या नळीत जरा थुंकायचंय. आत्यानं नळी उलटसुलट करून पाहिली.

"मी उभ्या जन्मात कुणावर थुंकले नाही," ती म्हणाली. "आता काय सुरुवात करायची?"

बेरिलनं पुन्हा समजावलं. आत्यानं शेजारच्या बाईच्या कवळीची तक्रार सांगितली. बेरिलनं तिसऱ्यांदा समजावलं. आत्या म्हणाली की या आठवड्यात पुडिंगमध्ये साखर कमी होती, आणि बेरिल शाळेच्या स्वयंपाकघरात होती तेव्हा तिच्या हाताखाली असं कधी झालं नसतं, तर तिनं इथल्या आचाऱ्याशी बोलावं. घसा बसलेली बेरिल खुर्चीत मागे रेलली. खोलीत उकाडा असा होता की खिडकीच्या काचा आतून घामेजल्या होत्या.

लॉरेननं समजूतदारपणे मान हलवली. आत्याकडे अर्धी पाठ करून ती बेरिलच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, "जाऊ दे. त्यांना माहीत असणार आणि म्हणूनच त्या टाळतायत. मॅरियन काकूंचं पाऊल घसरलं हे आता या वयात त्या कशाला बोलतील?"

लॉरेनला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि बेरिललाही वैतागाच्या भरात तिचा विसर पडला होता. मागाच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. गिरणीतल्या बाया ओठांवरून बोलणं वाचायच्या, सगळ्या गिरणीभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एडी आत्याला लॉरेनचे ओठ अर्धे दिसले, आणि अर्धे तिला पुरेसे होते.

"कोण घसरलं?" आत्या म्हणाली.

आवाज बारीक होता, पण आता त्यात पुडिंग नव्हतं. लॉरेन गोरीमोरी झाली.

"मॅरियन? आमची मॅरियन?" आत्यानं हातातली नळी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. "ती माझ्या बाजूच्या मागावर उभी असायची, पोरी. सहा माग, दोन लहान पोरं, आणि घरी माझी आई. तिला बसून चहा प्यायला वेळ नव्हता, घसरेल कुठनं? आणि हे म्हणणारी कोण, तर नॉर्मनची मुलगी."

"आत्या, तसं नाही," बेरिल म्हणू लागली.

"तू गप्प बस. मी आईला शब्द दिला होता, म्हणून आजवर तोंड शिवून बसले. आता मी वर गेले की ती मला धरून बडवणार आहे, पण बडवू दे. माझ्या मॅरियनवर चिखल मी ऐकून घेणार नाही." तिनं लॉरेनकडे बोट केलं. "कुणी सेगर नसेल, तर तुझा बाप सेगर नव्हता."

मग तिनं सांगितलं. न थांबता, खिडकीकडे बघत, कुणाच्याही प्रश्नाची वाट न बघता.

आत्या तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या आईला, म्हणजे ॲलिस आजीला, मूल व्हायचं होतं, ते झालं, पण मेलेलंच झालं. सुईणीनं ते फडक्यात गुंडाळून नेलं. आईच्या छातीला दूध, आणि पाळणा रिकामा. दोन दारं सोडून व्हिटॅम राहायचे. जिम व्हिटॅम गिरणीच्या बॉयलरवर होता, त्याच्या बायकोचं नाव नेली, पाच पोरं. त्याच आठवड्यात नेलीचं सहावं बाळंतपण झालं आणि ती त्यात गेली. पोरगा मात्र जगला, आणि भुकेनं अख्खी गल्ली डोक्यावर घेऊन रडायला लागला. दुसऱ्या दिवशी आई उठली, शाल घेतली, व्हिटॅमांच्या घरात गेली आणि त्याला घेऊन आली. फक्त दूध पाजायला म्हणून आणलं होतं. मग आठवडा झाला. मग थंडी सुरू झाली, आता कशाला हलवा. मग एक दिवस आई त्याला कडेवर घेऊन जन्मनोंदणीच्या कचेरीत गेली आणि आपलाच म्हणून नाव लावून आली.

"पण दाखला…" लॉरेन म्हणाली.

"तुम्ही सांगाल तेच ते लिहितात. बाई समोर उभी, पोर तिच्या अंगावर पितंय. कोण विचारणार?"

जिम व्हिटॅम पहिली काही वर्षं दर शुक्रवारी दारात येऊन उभा राहायचा, टोपी हातात धरून. आत ये म्हटलं तरी यायचा नाही. पोराकडे बघायचा, आईला मान तुकवायचा आणि जायचा. नॉर्मन चालायला लागला तसा तो यायचा बंद झाला. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि गल्लीत कुणी कधी ते बोललं नाही. नॉर्मन आपल्याच सख्ख्या भावांबरोबर गल्लीत चेंडू लाथाडत मोठा झाला.

बेरिलनं लॉरेनकडे पाहिलं नाही. कालपासून ती याच क्षणाची वाट बघत होती, आईचं नाव धुऊन निघावं म्हणून. ते निघालं होतं, आणि आता तिला वाटत होतं की आत्यानं यंत्र बंद ठेवून पुडिंगबद्दलच बोलत राहायला हवं होतं.

"बाबांना हे माहीत होतं?" लॉरेननं विचारलं. आत्याला ऐकू गेलं नाही, कारण लॉरेनची मान खाली होती. बेरिलनं तोच प्रश्न मोठ्यानं विचारला.

माहीत झालं होतं. जिम व्हिटॅम वारला तेव्हा त्याचा थोरला, आर्थर, सेगरांच्या दारात आला आणि म्हणाला, नॉर्मन, एक खांदा कमी पडतोय. नॉर्मननं सहज विचारलं, की अख्ख्या गल्लीत मीच का? आर्थरनं वाटेत त्याला सांगितलं.

"खांदा दिला?"

"दिला की. मग घरी आला, जेवायला बसला. जेवण झाल्यावर उठून त्यानं आपली ताटली आपण धुतली. पाहुणा धुतो तशी. आमच्या घरात पोरांनी कधी ताटली धुतली नव्हती. आईनं पाहिलं आणि तिला कळलं. ती म्हणाली, ठेव ती खाली. त्यानं ठेवली. झालं. त्या दोघांत यावर बोलणं झालं ते एवढंच."

"आणि म्हणून ते कॅनडाला गेले," लॉरेन म्हणाली.

"गिरण्या बंद पडत होत्या म्हणून गेला," आत्या चिडून म्हणाली. "आमच्या गल्लीतनं त्या वर्षी निम्मी पोरं गेली, कुणी कॅनडा, कुणी ऑस्ट्रेलिया. त्या सगळ्यांना काय बाप सापडले होते? तुम्हाला हल्ली प्रत्येक गोष्टीला एक कारण हवं असतं. दर आठवड्याला आईला पत्र टाकायचा तो, ती मरेपर्यंत. हॅरल्ड समोर राहायचा, तो आठवड्यात एकदा डोकावायचा नाही. आता मला कुणीतरी चहा आणा."

गाडीत बसल्यावर बेरिलनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. पाऊस काचेवरून ओघळत होता.

"मॅरियन काकूंबद्दल मी जे बोलले…" लॉरेननं सुरुवात केली.

"बोललीस खरी," बेरिल म्हणाली आणि गाडी सुरू केली. याहून मऊ काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं, पण मऊ शब्द तिला कधी वेळेवर सुचले नव्हते. तिला राग येत होता, आणि नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं. आत्याचा, इतकी वर्षं गप्प राहिली म्हणून आणि आज बोलली म्हणूनही. मेलेल्या बापाचा, ज्यानं आपल्याला कधी काही सांगितलं नाही. त्या नळीच्या कंपनीचा तर नक्कीच.

घरी आल्यावर लॉरेननं संगणक उघडला नाही. ती कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. तिथूनच तिनं विचारलं की व्हिटॅमांपैकी गावात अजून कुणी आहे का.

होता एक. आर्थरचा मुलगा क्लिफ, आणि अख्ख्या पॅडिहममध्ये बेरिल ज्याच्याशी बोलत नव्हती असा तोच एक माणूस. नगरपालिकेच्या भाड्यानं दिलेल्या भाजीच्या वाफ्यांवर दोघांचे तुकडे शेजारी शेजारी होते. क्लिफ स्पर्धेसाठी लीक, ते लांब दांड्याचे जाड कांदे, लावायचा, बायकोपेक्षा त्यांना जास्त जपायचा, आणि बेरिलच्या डॅमसन प्लमच्या झाडाची सावली त्यांच्यावर पडते म्हणून एका शनिवारी ती गावाला गेली असताना त्यानं ते झाड बुंध्यापासून कापलं. बेरिलनं वाफ्यांच्या सभेत सगळ्यांसमोर त्याची अब्रू काढली होती. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या कुंपणावरून आकाशाकडे बघायचे.

"आहे," ती म्हणाली. "माणूस कसला आहे ते विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला तेव्हा त्या वाफ्यांवर गेल्या. क्लिफ छपरीच्या दारात उलट्या बादलीवर बसून थर्मासमधला चहा पीत होता. बेरिलला बघून त्यानं मान फिरवली. बेरिल कुंपणापाशीच थांबली आणि लॉरेनला पुढे ढकललं. लॉरेननं, बिचारीनं, नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"नॉर्मनची का?" क्लिफ म्हणाला. "आलीस एकदाची. बस."

त्यानं दुसरी बादली उलटी करून पुसली.

"तुम्हाला माहीत आहे?" लॉरेननं विचारलं.

"न असायला काय झालं? आमच्या घरी सगळ्यांनाच माहीत होतं. म्हातारा आर्थर नेहमी म्हणायचा, आपला एक भाऊ कॅनडात आहे." मग बेरिलकडे न बघता म्हणाला, "त्या बाईंना विचार, उभ्या का आहेत म्हणावं. कुंपण माझं आहे, वाकेल."

"त्याला सांग, मी ठीक आहे," बेरिल म्हणाली. पण तिला राहवलं नाही. "सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?"

"तिला सांग, तिच्या बापाला धरून सगळ्यांना," क्लिफ म्हणाला. "तिलाही असेल असंच आम्ही धरून चाललो होतो."

बेरिल कुंपणाला धरून उभी राहिली. म्हणजे दुधवाल्याला माहीत होतं, चॅपलला माहीत होतं, हा झाडं कापणाराही जाणून होता, आणि गावाची बित्तंबातमी आपल्याकडे असते असं जन्मभर मानणारी बेरिल होल्गेट तेवढी कोरी राहिली होती.

लॉरेननं नेलीचा एखादा फोटो आहे का विचारलं. फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता. क्लिफनं चहाचा घोट घेत बराच विचार केला. त्याच्या बापाला आईबद्दल एकच गोष्ट धड आठवायची. ती हसायची ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. शेजारणी खिडकीतून ओरडायच्या, नेली, जरा हळू. बस, एवढंच.

"पुन्हा सांगाल?" लॉरेन म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगून होताच तो उठून लीक उपटायला गेला. चांगले मनगटाएवढे जाड, पांढरेशुभ्र. एक जुडी त्यानं लॉरेनच्या हातात दिली, आणि दुसरी तिच्याच हातात देत कुंपणाकडे हनुवटी उडवली. बेरिलला ते परत फेकावेसे वाटले. पण लीक फारच उत्तम होते, आणि सूप करायचंच होतं. थँक्यू मात्र तिनं लॉरेनमार्फतच पाठवलं.

नेलीला कुठं पुरलंय ते क्लिफनं सांगितलं होतं. भिंतीलगतचा कोपरा, जिथं गोरगरिबांना एकावर एक पुरत, दगड नाही, नाव नाही, नुसतं वाढलेलं गवत. बेरिलनं छत्री धरली. आज वाचायला काहीच नव्हतं, म्हणून लवकर परतू अशी तिची अटकळ होती, पण बाकीच्या सगळ्या कबरींपेक्षा लॉरेन इथंच जास्त वेळ उभी राहिली. तिनं फोन बाहेर काढला नाही. बेरिलचे बूट भिजून आत पाणी शिरलं, गुडघा ठणकायला लागला, तरी तिनं छत्री हलू दिली नाही.

परत जाताना गाडीत लॉरेन म्हणाली की आता वंशवृक्षातून सेगरांची सगळी फांदी काढून टाकावी लागणार, दहा वर्षांचं काम, हवेलीसकट.

"हवेली काढ," बेरिल म्हणाली. "बाकीचं राहू दे तिथंच. तुझ्या बापाचं आणि माझ्या बापाचं नाक एकाच एप्रनला पुसलेलं आहे. तुझ्या त्या संगणकाला एवढं कळत नसेल तर तो बंद कर."

लॉरेननं खिडकीबाहेर पाहिलं. तिचे खांदे हलत होते. रडते की हसते ते बेरिलला कळेना, आणि विचारायला ती काही धजली नाही. पुढे ट्रॅक्टर आडवा आला म्हणून तिनं त्याच्यावर जोरात भोंगा वाजवला.

निघायच्या दिवशी लॉरेनला पुन्हा एकदा वृद्धाश्रमात जायचं होतं. मँचेस्टरचा रस्ता, त्यावरची वाहनांची रांग, विमानतळावरची पार्किंगची लूट, हे सगळं बेरिलनं तिला दोनदा ऐकवलं, आणि तरी त्या गेल्या. लॉरेननं केक नेला होता. त्या दिवसानंतर ती एडीला आत्या म्हणत नव्हती, काहीच म्हणत नव्हती, नुसती समोर येऊन बोलायची, हे बेरिलच्या लक्षात आलं होतं.

"पुढच्या खेपेला मी असेन असं काही नाही," आत्या म्हणाली. "काय विचारायचं ते आत्ताच विचारून घे."

लॉरेननं खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि मान वर करून, ओठ नीट दिसतील असं, सावकाश विचारलं, "बाबा त्यांना काय हाक मारायचे? जिम व्हिटॅमना. गल्लीत समोर आले तर."

"मिस्टर व्हिटॅम," आत्या म्हणाली. "आणखी काय म्हणणार?"

लॉरेननं मान हलवली. सुरी घेऊन तिनं केकचे बारीक बारीक तुकडे केले, आत्याला कवळीनं चावता येतील एवढे, आणि बशी तिच्या मांडीवर ठेवली. आत्या खात राहिली. लॉरेन तिच्या बाहीवर पडलेले कण एकेक करून उचलत राहिली. बाहेर कुणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेत होतं.

बेरिलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ती खाकरली. कुणी लक्ष दिलं नाही. जितकं थांबवेल तितकं ती थांबली, आणि तिच्या मानानं ते बरंच होतं.

"विमान काही तुझी आत्या नाही, तुझ्यासाठी बसून राहायला," ती म्हणाली, आणि लॉरेनचा कोट उचलून दाराकडे निघाली.